हुकअपशिवाय ट्रेलरमध्ये गरम पाणी: गॅस, इन्व्हर्टर की आणखी काही?

मेसाकर (धागाकर्ता)

मंडळी, नाताळच्या आठवड्यात ट्रेलर घेऊन पाच रात्री बाहेर जायचं आहे. तीन रात्री अॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला, ला पोसा या सरकारी मुक्कामाच्या जागी, दोन सेडोनाच्या पश्चिमेला जंगलखात्याच्या जागेवर, चार-साडेचार हजार फुटांवर. कुठेच हुकअप (वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी) नाही. माणसं चार. त्यातले दोघं म्हणजे पुण्याहून आलेले आई-बाबा, त्यांना सकाळी कढत पाण्याची आंघोळ लागतेच.

सामग्री अशी: २४ फुटी ट्रेलर, सबर्बन कंपनीचा एसडब्ल्यू६डीई वॉटर हीटर (६ गॅलन, गॅस आणि वीज दोन्ही), ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलन, ग्रे टाकी (आंघोळी-भांड्यांच्या सांडपाण्याची) ३० गॅलन. प्रोपेनचे २० पौंडी सिलिंडर दोन. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटऱ्या दोन, छतावर ४०० वॉटचं सोलर, २००० वॉटचा इन्व्हर्टर.

पहिला प्रश्न: सोलर फुकट आहे, तर हीटर इन्व्हर्टरवरून विजेवर चालवावा का? गॅस भट्टीसाठी, म्हणजे ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या फर्नेससाठी, राखून ठेवता येईल.

दुसरा: घरासमोर उभा करून गॅसवर चालवून पाहिला. बर्नर पेटतो, आवाजही व्यवस्थित येतो, पण नळाला अर्धा मिनिट गरम पाणी येतं आणि मग कोमट. शिवाय पहिल्या दोन वेळा लाल दिवा लागून राहिला, तिसऱ्यांदा पेटला. हीटर बदलायची वेळ आली का?

---

बंबवाला

विजेचा विचार सोडा. हिशेब करून बघा म्हणजे पटेल.

६ गॅलन म्हणजे २२.७ लिटर. डिसेंबरात टाकीतलं पाणी १० अंशांवर धरा, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो साधारण ५५ ते ६० अंशांवर. ४७ अंश चढवायला लागतात सुमारे सव्वा किलोवॅट-तास. इन्व्हर्टरची घट धरली की बॅटरीतून १.४ किलोवॅट-तासाच्या आसपास जातात, म्हणजे तुमच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक अख्खी संपून दुसरीलाही हात लागतो. एका टाकीला. हीटरचा एलिमेंट १४४० वॉटचा आहे, त्यामुळे ५० मिनिटं बॅटरीतून सतत १२५ अँपिअर ओढले जाणार. इन्व्हर्टरच्या केबल बारीक असतील किंवा एखादा लग (केबलच्या टोकाचा जोड) ढिला असेल तर तो याच ५० मिनिटांत वितळतो. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्यात, पण एकीचं बीएमएस (बॅटरीचं आतलं संरक्षक सर्किट) आधी तुटलं तर सगळा भार दुसरीवर येतो आणि तिचीही सहसा १०० अँपिअरचीच मर्यादा असते.

आणि सोलर काय देणार? डिसेंबरच्या शेवटी अॅरिझोनात सपाट ठेवलेल्या ४०० वॉटच्या पॅनेलकडून दिवसाला एक-सव्वा किलोवॅट-तास आले तरी भरून पावलो म्हणायचं. म्हणजे दिवसभराचं ऊन एका टाकीत घालवायचं आणि रात्री फर्नेसचा पंखा फिरवायला काही उरायचं नाही.

आता गॅस. बर्नर तासाला १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप). तीच टाकी अर्ध्या तासाच्या आत तापते आणि जळतो साधारण पाव पौंड प्रोपेन. २० पौंडांच्या एका सिलिंडरमध्ये ७०-७५ वेळा टाकी तापेल. १२ व्होल्टवर लागतं ते फक्त सर्किट बोर्ड आणि गॅस व्हॉल्व्हपुरतं, एक अँपिअरच्या आत. गॅस संपवतो तो फर्नेस. ३०,००० बीटीयूचा फर्नेस एक तास पेटता राहिला की दीड पौंडाला थोडा कमी गॅस जातो. रात्रीतून मिळून चार तास पेटला तरी पाच रात्रींत २८ पौंड गेले. त्यापुढे आंघोळीचे चार-पाच पौंड म्हणजे किरकोळ. गॅस वाचवायचा असेल तर खिडक्यांना थर्मल पडदे लावा आणि फर्नेस रात्री १३-१४ अंशांवर ठेवा.

हीटर दिवसभर चालू ठेवू नका. हा आपला बंबच आहे: गार पाणी खालून आत येतं, गरम वरून बाहेर पडतं, बाहेरून थर्मोकोलचं कवच. सकाळी उठल्याबरोबर चालू करायचा, चहा होईपर्यंत टाकी तयार, आंघोळी झाल्या की बंद. दुपारच्या भांड्यांना पुरेल इतकं ऊन पाणी तसंच राहतं.

विजेचं बटण घरी दोनदा तपासा. डीई मॉडेलला आतल्या बटणाखेरीज बाहेरच्या झडपेमागे (ट्रेलरच्या बाहेरून उघडणारं हीटरचं दार), डाव्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक छोटं रॉकर बटण असतं. ते बंदच ठेवा. टाकी रिकामी असताना एलिमेंटला वीज मिळाली तर तो काही सेकंदांत जळतो. इन्व्हर्टर जर ट्रेलरच्या सगळ्या प्लगना वीज देत असेल तर हे नकळतही होऊ शकतं.

---

पान्हा_१७

वरचा हिशेब बरोबर आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

बर्नर पेटतो, अर्धा मिनिट गरम पाणी येतं, मग कोमट. यात हीटरचा दोष असण्याची शक्यता कमी. कुठेतरी गार पाणी गरमच्या पाइपात शिरतंय. जागा तीनच असतात.

सगळ्यात आधी बाहेरचा शॉवर बघा. बाहेरच्या कप्प्यातले दोन्ही नळ उघडे आणि फक्त हँडलवरचं बटण बंद, असं असेल तर गार आणि गरम लाइन तिथे थेट जोडल्या जातात. बाहेरून थेंबही गळत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग बायपास. हीटरच्या पाठीमागे, बहुतेक वेळा पलंगाखाली किंवा सिंकखालच्या फळीमागे, एक किंवा तीन व्हॉल्व्ह असतात. हिवाळ्यासाठी गुलाबी अँटिफ्रीझ भरताना ते हीटरच्या टाकीत जाऊ नये म्हणून बायपास फिरवतात आणि वसंतात परत फिरवायला विसरतात. तीन व्हॉल्व्ह असतील तर गार आत जाणारा उघडा, गरम बाहेर येणारा उघडा, मधला आडवा पाइप बंद. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, पाइपाला आडवी म्हणजे बंद. मधला अर्धवट उघडा राहिला तर नेमकं तुम्ही म्हणता तसं होतं. पूर्ण बायपासवर असेल तर गोष्ट वाईट, कारण मग टाकी रिकामी असते आणि तुम्ही रिकाम्या टाकीखाली जाळ लावताय. हीटर गार असताना पंप चालू ठेवून बाहेरच्या झडपेतल्या प्रेशर व्हॉल्व्हची दांडी उचला. पाणी जोरात आलं तर टाकी भरलेली आहे, नुसती हवा फुसफुसली तर रिकामी.

तिसरी जागा म्हणजे शॉवरमधला मिक्सर. एकदांडी नळाचं कार्ट्रिज झिजलं की आतून गार-गरम मिसळतं.

यातलं कुठलं ते शोधायची सोपी युक्ती: हीटरला जाणारा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू ठेवा, स्वयंपाकघरातला फक्त गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर ते पाणी हीटरमधून येत नाहीये, वाट दुसरीकडून आहे. मग बाहेरचा शॉवर बंद करा, परत बघा. बायपास बंद करा, परत बघा. ज्यानं धार थांबली तो चोर. चाचणी झाली की गार पाण्याचा व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

लाल दिव्याचं कारण बहुतेक गॅसलाइनमधली हवा. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असेल तर सिलिंडर उघडल्यावर आधी शेगडी पेटवा आणि ज्योत अखंड निळी होईपर्यंत जळू द्या, मग हीटर. ठिणगीचा टिकटिक आवाज चालू असताना दिवा लागतो, ज्योत धरली की विझतो. लागूनच राहिला तर बोर्ड लॉक झाला. बटण बंद करून अर्धा मिनिट थांबून परत.

सिलिंडरची चावी सावकाश उघडायची. झटक्यात उघडली तर आतल्या सेफ्टीला पाइप फुटल्याचा भास होतो आणि ती गॅस अगदी बारीक सोडते. शेगडी जेमतेम जळते, हीटर पेटून विझतो, आणि लोक रेग्युलेटर बदलत बसतात. असं झालं तर चावी बंद करा, शेगडी-हीटर सगळं बंद करून मिनिटभर थांबा आणि परत हळू उघडा.

---

मेसाकर

दोघांनाही सलाम. युक्ती केली. बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ पूर्ण उघडे निघाले. ते बंद केल्यावर धार थांबली. बायपास ठीक होता. आता नळाला हात लावता येत नाही इतकं गरम येतंय.

लाल दिवा मात्र आज परत एकदा लागला. शेगडी आधी पेटवली होती. ज्योत धरते, पाच-सात सेकंद जळते आणि विझते. दुसऱ्या प्रयत्नात टिकते.

---

पान्हा_१७

पेटून विझतो म्हणजे गॅस येतोय, ठिणगीही पडतेय, पण बोर्डाला ज्योत "दिसत" नाहीये. इलेक्ट्रोड ज्योतीतून वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजतो. तो मिळाला नाही की गॅस बंद.

क्रमाने बघा. बॅटरीचं व्होल्टेज हीटरच्या तारांवर मोजा, साडेदहाच्या खाली जाता कामा नये. इलेक्ट्रोडवरची काजळी बारीक सँडपेपरने काढा, बर्नरपासून अंतर १/८ इंच, म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास. टोक ज्योतीच्या आत हवं. बर्नर आणि बोर्डाची अर्थिंगची तार काढून, गंज खरवडून परत घट्ट बसवा. बोर्डाचा कनेक्टर ओढून काढा आणि बोर्डाच्या कडेचे तांब्याचे पट्टे शाळेतल्या खोडरबराने पुसा. हसू नका, सगळ्यात जास्त यश त्या खोडरबराला आहे. कनेक्टर काढण्याआधी बटण बंद.

मग बर्नरची नळी. प्रोपेनमध्ये वासासाठी जे मिसळतात त्याच्याकडे कोळी ओढले जातात आणि नळीत जाळी करतात. जाळीमुळे हवा कमी पडते, ज्योत पिवळी आणि आळशी होते, झडपेवर काजळीचा पट्टा उमटतो. नळी बाटली धुण्याच्या लवचिक ब्रशने साफ करा. जेटच्या (गॅस जिथून सुटतो त्या टोकाच्या) भोकात तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की ज्योतीचं गणितच बिघडतं. जेट अल्कोहोलमध्ये बुडवून तसाच वाळू द्यायचा. हवेची झडप पाव उघडी ठेवून सुरुवात करा. ज्योत निळी, टोकाला किंचित पिवळी चालते.

सेडोनाच्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे घरी काठावर असलेला बर्नर तिथे नक्की रुसतो. निघण्यापूर्वीच हे उरका.

---

कोथरूड_ते_कोलोराडो

इतकी यातायात कशाला? भारतातून आणलेला पाणी तापवायचा रॉड आहे का घरात? १५०० वॉटचा, २३० व्होल्टचा. इथल्या १२० व्होल्टवर लावला तर तो सुमारे ४०० वॉटच घेतो, इन्व्हर्टरला अजिबात जड नाही. नऊ लिटरच्या बादलीला पाऊण तास. टाकी तापवण्यापेक्षा जेवढं हवं तेवढंच पाणी तापतं.

---

बंबवाला

४०० वॉटचं गणित बरोबर, व्होल्टेज निम्म्यावर आलं की पॉवर चौथाईवर येते. एका बादलीला बॅटरीतून २८ अँपिअर-तास जातील. चार बादल्या केल्या तर परत एका बॅटरीहून जास्त.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्या रॉडला थर्मोस्टॅट नाही, पातळी घसरली तर बंद होत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीच्या भिंतीला टेकला तर बादलीला भोक पाडतो. ट्रेलरच्या ओल्या बाथरूममध्ये, अॅडॉप्टर लावून, इन्व्हर्टरवर. बऱ्याच स्वस्त इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे गळती झाली तर जीएफसीआय (गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच) वेळेवर तुटेल याचा भरवसा नाही. सत्तरीच्या माणसांनी पाणी "झालं का" म्हणून त्यात बोट घालायचं? नको.

---

तांब्या_बादली

गॅसवर एकमत झालं असेल तर आता मुद्द्याचं बोलू. गरम पाणी संपायच्या आधी तुमची ग्रे टाकी भरणार आहे.

ताजं पाणी ४० गॅलन म्हणजे १५० लिटर. चार माणसं, पाच दिवस: माणशी रोज साडेसात लिटर, सगळ्याला मिळून. ग्रे टाकी ११३ लिटरची. शॉवर उघडा ठेवून अमेरिकन पद्धतीने आंघोळ केली तर एका माणसाला ३०-४० लिटर जातात, पहिल्याच दिवशी गाडा हलवावा लागेल. बटण दाबत दाबत शॉवर घेतला तर दहा-बारा लिटरपर्यंत येतं. बादली-तांब्याने नऊ लिटरमध्ये अंग भिजवून, साबण लावून, वर दोन तांबे डोक्यावर ओतायला उरतात. आई-बाबांना ही पद्धत शिकवावी लागणार नाही, हा तुमचा फायदा.

तरीही रोज चार आंघोळींचे ३६ लिटर, भांड्यांना आठ-दहा, तोंड-हात, संडासचं फ्लश मिळून दिवसाचे ६० च्या घरात जातात. १५० लिटर अडीच दिवस. ला पोसामध्ये पाणी भरायची आणि सांडपाणी सोडायची सोय आहे, तिथून सेडोनाला निघायच्या सकाळी ताजी टाकी काठोकाठ भरा आणि ग्रे आणि ब्लॅक (संडासची) दोन्ही टाक्या रिकाम्या करा. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी सात-सात गॅलनच्या दोन कॅनमध्ये वेगळं ठेवा. ग्रे पाणी जमिनीवर सोडू नका, दंड होतो आणि शेजारीही ओरडतात.

आता बादली भरण्याबद्दल. हीटरचं पाणी ५५-६० अंशांचं. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, म्हाताऱ्या त्वचेला त्याहून लवकर. आपल्याकडे आधी कढत पाणी आणि वरून विसण घालायची सवय असते. इथे उलट करा: बादलीत आधी गार, मग गरम. नऊ लिटरची बादली ४१-४२ अंशांवर आणायला १० अंशांचं गार तीन लिटर आणि हीटरचं गरम सहा लिटर, थोडं इकडेतिकडे. बादलीला आतून तीन लिटरवर मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे अर्धवट झोपेतही चूक होत नाही. पहिल्या आंघोळीला एक स्वस्तातला स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवून बघा, पुढे हाताला कळतं.

एका टाकीतून मिळतं किती? गार पाणी खालून शिरत असल्यामुळे २२ लिटरपैकी सोळा-एक लिटरच खऱ्या अर्थाने गरम येतात. म्हणजे लागोपाठ दोन बादल्या बिनघोर, तिसरी जरा कोमट. बर्नर चालूच ठेवला आणि दोन बादल्यांनंतर पंधरा मिनिटं थांबलात तर उरलेल्या दोन. आधी आई-बाबा, मग नाश्ता, मग तुम्ही दोघं.

नळ सोडल्यावर सुरुवातीला येणारं गार पाणी वाहू देऊ नका. हीटर ते बाथरूम लांब असेल तर लिटर-दीड लिटर जातं. तीच तुमची विसण! बादली नळाखाली आधीपासून ठेवली की पहिलं गार पाणी आपोआप बादलीत येतं.

शॉवर वापरलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हँडलवरचं बटण दाबून मधे पाणी थांबवलं, पण भिंतीवरचे दोन्ही नळ उघडेच राहिले, तर तिथेही वर पान्हा यांनी सांगितलेला प्रकार होतो. गार-गरम एकमेकांत शिरतं आणि परत बटण सोडल्यावर पहिला फवारा एकतर बर्फासारखा नाहीतर चटका देणारा. हँडल आधी अंगापासून दूर धरा.

---

अखंड_धार

टाकीवाला हीटर काढून टँकलेस (टाकीशिवाय, वाहतं पाणी तापवणारा) बसवा. त्याच भोकात बसणारे मिळतात, ५०-६० हजार बीटीयूचे. पाणी संपण्याचा प्रश्नच नाही.

---

तांब्या_बादली

हुकअप असलेल्या जागी छान. जिथे पाणी मोजून वापरायचं तिथे उलटा व्यवहार. टँकलेस पेटायला ठरावीक किमान धार लागते, बादलीत बारीक धार सोडली तर कित्येक मॉडेल विझतात. दर वेळी नळ बंद-उघडा केला की मधे गार पाण्याचा एक तुकडा येतो. आणि "पाणी संपत नाही" असं म्हणताना संपतं ते ताज्या टाकीतलं.

---

अखंड_धार

गार तुकड्याचं मान्य. नव्या मॉडेलमध्ये आत छोटी साठवण असते, त्यांत हा त्रास कमी आहे. पण पाच रात्रींसाठी एवढा खर्च करा असं मीही म्हणणार नाही.

---

काळी_पिशवी

सोलर शॉवरच्या काळ्या पिशवीचं कुणी बोललं नाही. पाच गॅलनची पिशवी जानेवारीच्या उन्हात पूर्ण भरून ठेवली तर संध्याकाळपर्यंतही जेमतेम कोमट होते. अर्धी भरा, पारदर्शक बाजू वर, सकाळी दहाला ट्रकच्या बॉनेटवर आडवी ठेवा, वारा लागत असेल तर खाली जुनी सतरंजी. दुपारी दोनपर्यंत भांडी आणि पाय धुवायला छान पाणी मिळतं. पूर्ण भरलेली पिशवी १९ किलोची होते, ऑनिंगच्या (ट्रेलरच्या बाहेरच्या कापडी छपराच्या) दांडीला टांगू नका, दांडी वाकते. सकाळच्या आंघोळीला मात्र हिचा काही उपयोग नाही.

---

पान्हा_१७

थंडीचं राहिलं. क्वार्ट्झसाइटला फारशी काळजी नाही, सेडोनाच्या बाजूला पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. हीटरची टाकी इन्सुलेटेड असते, एका रात्रीत गोठत नाही, पण तिच्यामागचे पाइप आणि पंप गोठतात. त्या दोन रात्री सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, फर्नेसची ऊब आत जाऊ दे. बाहेरच्या शॉवरचा कप्पा सगळ्यात आधी गोठतो, तिथे जुना टॉवेल कोंबा.

हीटरचा धूर जिथून निघतो त्या जाळीसमोर तंबूची कनात, खुर्ची, सायकलचं कव्हर काही नको. जाळी चांगलीच तापते. आणि पाणी तापवायला शेगडीवर मोठं पातेलं चढवलंत तर छताची खिडकी उघडून पंखा चालू ठेवा. एक तर कार्बन मोनॉक्साइड, दुसरं म्हणजे सगळी वाफ रात्री खिडक्यांवरून उशांवर गळते. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मागे तारीख असते, तीही बघून घ्या.

सबर्बनची टाकी आतून काचेचा लेप दिलेली पोलादी, म्हणून तिला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) लागतो. वर्षातून एकदा काढून बघायचा. हीटर बंद, पाणी पूर्ण गार, पंप बंद, प्रेशर व्हॉल्व्ह उचलून दाब सोडला, या चारही गोष्टी झाल्याशिवाय पान्हा लावायचा नाही. १ १/१६ इंचाचं सॉकेट. चारातले तीन हिस्से झिजला असेल तर नवा, आट्यांना टेफ्लॉन टेप. गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तो गॅसचा नाही, टाकीतल्या जिवाणूंचा आणि अॅनोडचा संयोग आहे. टाकी ब्लीचच्या पाण्याने धुवा: ताज्या टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने खळखळून काढा.

---

मेसाकर

खोडरबर फिरवलं, नळी साफ केली. कोळ्याचं जाळं खरंच निघालं, बोटभर. लागोपाठ सहा वेळा पेटवला, सहाही वेळा पहिल्या ठिणगीत.

शेवटचा प्रश्न. हीटर तापत असताना प्रेशर व्हॉल्व्हमधून बाहेर थेंब थेंब पाणी गळतं. तापून झाल्यावर थांबतं. व्हॉल्व्ह बदलू?

---

बंबवाला

बदलू नका. पाणी तापलं की फुगतं. टाकीच्या वरच्या भागात हवेचा एक कप्पा असतो, फुगलेलं पाणी त्याला दाबतं. कालांतराने ती हवा पाण्यात विरते, कप्पा नाहीसा होतो आणि दाबाला व्हॉल्व्हखेरीज वाट उरत नाही. व्हॉल्व्ह त्याचं कामच करतोय.

हवा परत भरायची: हीटर बंद करून पाणी गार होऊ द्या. पंप बंद. घरातला एक गरम नळ उघडा. बाहेर प्रेशर व्हॉल्व्हची दांडी सरळ वर उचला आणि पाणी यायचं आपोआप थांबेपर्यंत धरून ठेवा. दांडी सोडा, ती टकदिशी बसली पाहिजे. आतला गरम नळ बंद करा आणि मग पंप चालू करा, टाकी भरताना वरच्या भागात हवेचा कप्पा आपोआप राहतो. मग हीटर पेटवा. एवढं करूनही गार असताना गळत राहिला, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकलाय. दांडी दोन-तीनदा झटक्यात उचलून सोडा. तरी थांबला नाही तरच नवा घ्या, आणि तोही त्याच दाबाचा आणि त्याच तापमानाचा, आकड्यांची पट्टी जुन्यावरच असते. भोकाला बूच मात्र कधीही मारू नका.

---

मेसाकर

केलं. थांबली गळती. बादलीला तीन लिटरवर रेघही मारली, आईने विचारलं ही कसली खूण.